मालूने पास न केलेला चहा

डहाणू रोडच्या मासळी बाजारात मालू जिथे पाटी घेऊन बसते, तिथून वीस पावलांवर एका किराणा दुकानात तिचाच चेहरा दोरीला टांगलेला आहे. लाल-पिवळ्या पाकिटांची माळ आहे आणि प्रत्येक पाकिटावर मालू हसते आहे. खाली ठळक अक्षरांत ‘मालूमासी चाय’. त्याखाली दोन ओळी: ‘चिखल्याच्या मालूमासीने चाखून पास केलेला अस्सल आसाम चहा. एक घोट, आणि खात्री.’

त्या दोन ओळी मी लिहिल्या. तेव्हा माझा हात का झडला नाही, असं आता रोज वाटतं. पण ते पुढे येईलच. आधी मालू कोण ते सांगायला हवं, कारण पाकिटावर ते कुठेच छापलेलं नाही.

मालू चिखल्याची. नवरा भिकू बोटीवर जातो, ती मासळी विकते, उरलेली सुकवते. वय साठीच्या पुढे, आवाज असा की पलीकडच्या फळीवरचं गिऱ्हाईक मान वळवतं. मी चिखल्याच्या शाळेत तेवीस वर्षं मास्तर होतो. तिची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती आणि दोघांच्याही पाढ्यांबद्दल तिने मला बाजारात चारचौघांत जाब विचारलेला आहे. आता मी सरावलीला राहतो, पेन्शन खातो आणि सकाळी मासळी घ्यायला तिच्याकडेच जातो.

मालूच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ. समुद्र पावलावर, त्याला कोण काय करणार? त्याच पाण्याचे ड्रम बोटीवर चढतात. बोट चार-पाच दिवस आत राहते, आणि चहाचा टोप स्टोव्हवरून फारसा उतरत नाही. जो जाळं ओढून येतो, तो तोच चहा पुन्हा उकळून पितो. शहाण्यासुरत्या माणसाने उकळून उकळून चहाचं वाटोळं करू नये, असं मी एकदा भिकूला सांगायला गेलो होतो. तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही या एकदा. मग सांगा.” मी गेलो नाही आणि पुन्हा सांगितलंही नाही.

अशा पाण्यात, अशा दोनदा-तीनदा उकळण्यात बहुतेक चहा मरतो. रंग राहतो, चव जाते, जिभेवर नुसता तुरटपणा बसतो. जो टिकतो तो खरा. ही गोष्ट डहाणूत पहिल्यांदा कुणाला कळली असेल, तर ती मालूला.

स्टेशनजवळ धर्मेशभाईंचं चहाचं दुकान होतं. चहाशिवाय ते दुसरं काही विकत नसत. आसामची पोती यायची, त्यातला दाणेदार चहा आणि बारीक चुऱ्याची भुकी ते स्वतःच्या हाताने मिसळायचे. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मालू दुकानात शिरली आणि तिने एक पुडा गल्ल्यावर आपटला. “ही चाय नाय, रंग हाय रंग!” धर्मेशभाई गुजराती माणूस, गोड बोलणारा, पण चहावरून कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांनी तिथल्या तिथे स्टोव्ह पेटवला, त्याच पोत्यातला चहा केला आणि कप तिच्यासमोर ठेवला. चहा फक्कड झाला होता. मालूने पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाली, “तुमचं पानी गोडं हाय, शेट. माझ्या पान्यात करून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी ती सरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आली. धर्मेशभाईंनी त्या पाण्यात चहा उकळला. तिने निवू दिला आणि पुन्हा उकळायला लावला. मग दोघांनी घोट घेतला. धर्मेशभाईंनी तो घोट मोरीत थुंकला आणि उठून ते अख्खं पोतं मागच्या खोलीत ढकललं.

तेव्हापासून नवीन पोतं फुटलं की मालूची बाटली यायची. बाजार उठला की ती दुकानाच्या पायरीवर बसायची. पहिल्या उकळीचा चहा धर्मेशभाई चाखत. दुसऱ्या उकळीचा मालू. ती घोट तोंडात धरून डोळे बारीक करायची आणि मग एकच शब्द बोलायची: पास, नाहीतर नाय. पास झालेल्या पोत्यावर धर्मेशभाई खडूने फुली मारत. मग झाईपासून वरोरपर्यंत किनाऱ्यावरच्या बायका दुकानात येऊन एवढंच विचारत, “मालूनं चाखली ना?” चाखली म्हटलं की पिशवी पुढे करायच्या. या कामाचं मालूने कधी काही घेतलं नाही. धर्मेशभाई तिला ‘मालूबेन’ म्हणत आणि ती आली की दुकानातली एकमेव खुर्ची पायरीवर आणून ठेवत. ती खुर्चीवर बसायची नाही, पण खुर्ची यायची.

तर मालूचा शब्द हा असा होता. छापलेला नव्हता, पण पक्का होता.

दोन वर्षांपूर्वी धर्मेशभाई गेले. बाराव्याला मी गेलो होतो, मालूही आली होती. शाकाहारी घर, त्यात सुतक. म्हणून ती त्या दिवशी मासळीला गेलीच नव्हती. डोक्यावरून न्हाऊन, धुवट पांढरं लुगडं नेसून आली होती. बाराव्यालाच घरात पुन्हा चहाचं आधण चढलं होतं. धर्मेशभाईंची सून हिना हिने सगळ्यांना कप दिले. मुलगा हार्दिक मालूच्या शेजारी येऊन बसला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्याने विचारलं, “मासी, चाय कशी आहे? नवा माल आहे.”

मालूने एक घोट घेतला. मी समोरच बसलो होतो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून त्या काचेच्या बाटलीचं बूच डोकावत होतं. तीस वर्षांच्या सवयीने ती पाणी घेऊन आली असणार. तिने बाटली पिशवीत आणखी आत सारली, बाहेर काढली नाही. म्हणाली, “चांगली हाय, बाबा.”

आमच्याकडे सुतकाच्या घरी दिलेल्या पाण्याला कुणी नावं ठेवत नाही. कारलं वाढलं तरी गोड म्हणायचं आणि उठायचं. हे शाळेत शिकवावं लागत नाही, आईच्या कडेवर असल्यापासून कळतं. हार्दिकलाही कळत होतंच. तो काही आभाळातून पडलेला नाही, डहाणूत वाढलेला पोरगा आहे.

काही महिन्यांनी हार्दिक माझ्याकडे सरावलीला आला. तलासरीला हायवेवर त्याने पॅकिंगचा गाळा घेतला होता. तो मला जगाचा चहा समजावून सांगू लागला. आसामच्या कितीतरी बागांनी आता आपल्या पिण्यातला दाणेदार चहा कमी करून लांब पानाचा चहा करायला घेतलाय, कारण आखाताकडचे लोक तो जास्त घेतात. उरलेला चांगला दाणा मोठ्या कंपन्या उचलतात. बाबांच्या ओळखीचे दलाल संपले. आता घाऊक व्यापारी देतो तो माल घ्यायचा. त्यात आफ्रिकेतून जहाजाने आलेला चहा असतो, व्हिएतनामचा असतो, इकडचा तिकडचा जुना साठा असतो. गोदामात सगळं एकत्र होतं. “कुठला, असं विचारायचं नसतं, मास्तर. मिक्स म्हणून येतं, मिक्स म्हणून जातं.”

हे त्याने मला खरं तेच सांगितलं. यात त्याचा दोष आहे असं मी आजही म्हणणार नाही. परदेशातला चहा म्हणजे वाईट चहा, असंही नाही. तिकडेही कुणी बाई पाठीला टोपली लावून उन्हातान्हात पान खुडतच असेल. माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे. त्या बाईचं, तिच्या देशाचं नाव गोदामात पुसून टाकायचं आणि त्यावर ‘अस्सल आसाम’ छापायचं, आणि एवढ्यानेही कुणाला पटणार नाही म्हणून वर मालूचा चेहरा चिकटवायचा! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणि सोनुबाईलाही नाव देताना विचारायचं नाही.

मी त्याला विचारलं होतं. अगदीच विचारलं नाही असं नाही. “मालूला सांगितलंस ना?” तो म्हणाला, “मासीने पास केलीय की. बाबांच्या बाराव्याला. तुम्ही पण होता ना?”

हो, होतो. पिशवीतली बाटली मी पाहिली होती. ती बाहेर निघाली नाही हेही पाहिलं होतं. पण हार्दिक पुढे म्हणाला, “तुमच्यासारखं शुद्ध मराठी डहाणूत कोण लिहिणार? लाखभर पाकिटांवर छापायचंय.” आणि सत्तराव्या वर्षी माझं मराठी लाखभर पाकिटांवर छापणार म्हटल्यावर माझी अक्कल गवत खायला गेली. मी चष्मा पुसला आणि त्या दोन ओळी लिहून दिल्या. ‘एक घोट, आणि खात्री.’ त्या स्वल्पविरामाचा मला अभिमान वाटला होता, हेही कबूल करतो.

मालूला पाकीट पहिल्यांदा दिसलं ते चिखल्याच्या किनाऱ्यावर. बोटी लागल्या होत्या. भिकूच्या बोटीवर नव्हे, शेजारच्या बोटीवर ते गेलं होतं. त्या बोटवाल्यांची धाकली सून अर्धं पाकीट हातात घेऊन मालूकडे आली. “काकी, तुझ्या चायला काय झालं? माणसं शिव्या देत आलीत. पयल्या दिवशी बरी लागली, दुसऱ्या दिवशी तोंडात घेववली नाय. तू चाखली म्हणून घेतली मी.”

मालू म्हणाली, “कुठली माझी चाय?”

धाकलीने पाकीट पुढे केलं. आपलाच चेहरा आपल्याकडे बघून हसतोय, हे बघून मालू वाळूतच बसली. फोटो तिने ओळखला. दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा काढलेला. त्यात ती आणि धर्मेशभाई शेजारी शेजारी उभे होते. पाकिटासाठी हार्दिकने बाप कापून टाकला होता आणि मासी ठेवली होती.

मालूला वाचता येत नाही. तिने धाकलीकडून ओळी वाचून घेतल्या. विचारलं, “हे कोनी लिवलं?” ते काही पाकिटावर नव्हतं.

पाकिटं आधीच दुकानांत पोचली होती, पण तलासरीच्या गाळ्याचं रीतसर उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं. हार्दिकने मालूला नवी साडी पाठवली होती, न्यायला गाडीही पाठवणार होता. तिने साडी घडीची घडी ठेवून दिली, गाडीला नको म्हणून सांगितलं आणि सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. “मास्तर, चला. तिथं शिकलेली माणसं असतील. माझ्या बाजूला एक शिकलेला पायजे.” हातात तीच पिशवी. मी गेलो. त्या ओळी मी लिहिल्या हे तिला सांगायचं धैर्य मला बसमध्येही झालं नाही आणि तलासरीला उतरल्यावरही नाही.

हायवेच्या कडेला मंडप होता. मालूचा चेहरा माणसाच्या दुप्पट उंचीचा करून लावला होता. हॉटेलवाले, टपरीवाले, दोन-चार पुढारी, मोबाइल उंच धरलेली मंडळी. हार्दिक धावत आला, मालूच्या पाया पडला, तिला खुर्ची दिली. टेबलावर जारचं थंडगार पाणी आणि नवा कोरा स्टोव्ह. चहा होऊन ट्रे फिरला. लोक वा वा म्हणाले. मीही चाखला. खोटं कशाला बोलू, चांगला होता.

मालूने कपाला हात लावला नाही. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. “आता या पान्यात कर. दोन उकळ्या काढ.”

हार्दिक हसला. आधी सगळ्यांकडे बघून हसला, मग तिच्याकडे वाकून हळू बोलला. “मासी, प्लीज. इथे हायवेवर खारं पाणी कोण पितंय? दोनदा कोण उकळतंय? आता लोकांना तेवढा टाइमच नाही.”

“मग माझा फोटो कशाला लावलास?” मालूने आवाज खाली आणला नाही. तिला तो आणता येतच नाही. “ज्याच्या घरी गोडं पानी हाय, त्याला माझी जीभ कशाला पायजे? त्याला कुठली पन चाय चालते. माझ्या नावानं घेतात ती माझी मानसं. त्यांचं पानी खारं हाय. त्यांनाच तू गंडवलंस!”

तेवढ्यात हिना पुढे आली. तिने बाटलीचं बूच काढलं, पातेलं घेतलं आणि स्टोव्ह पेटवला. हार्दिक “हिना” म्हणाला, तिने ऐकलं नाही. चहा झाला. खाली उतरवला, निवू दिला, पुन्हा चढवला. एवढा वेळ शे-दीडशे माणसं हायवेवरच्या ट्रकांचा आवाज ऐकत बसली. उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या उकळीचा पहिला कप हिनाने स्वतः प्यायला घेतला. एक घोट घेतला आणि कप टेबलावर ठेवला. दुसरा मला दिला. गढूळ, तुरट, कोळशाच्या पाण्यासारखं काहीतरी. तिसरा हार्दिकपुढे धरला. तो त्याने घेतला नाही.

तो म्हणाला, “मासी, तुम्हीच चांगली म्हणालात. बाबांच्या बाराव्याला. ही तीच चाय आहे. मी काय खोटं छापलं?”

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. बापाच्या बाराव्यातला शब्द उचलून कुणी पाकिटावर छापलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. माझं डोकं असं तापलं, की हातातला कप त्या मोठ्या फोटोवर भिरकावावा. पण त्या फोटोवर मालूच होती.

मालू उठून उभी राहिली. “तुझा बाप गेलेला,” ती म्हणाली. “तू टकलं करून माझ्या बाजूला बसलेला. तुझे डोळे सुजलेले. आनि मी तुला सांगू, तुझी चाय वाईट हाय? अरे, त्या दिवशी तू मला विष दिलं असतंस तरी मी चांगलं हाय म्हनून गिळलं असतं.” तिने रिकामी बाटली पिशवीत घातली. “ते तुझ्यासाठी होतं रे. पाकिटासाठी नव्हतं.”

हार्दिकच्या चेहऱ्यावर क्षणभर बाराव्याचा पोरगा आला असं मला वाटलं. मग कुणीतरी मोबाइल घेऊन पुढे सरकलं आणि तो पोरगा गेला. “माल छापून झालाय, मासी,” तो म्हणाला. “पुढच्या लॉटला बघतो.”

पुढचा लॉट आला आणि त्यावरही मालू हसतेच आहे. मी दोन अर्ज लिहिले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवलं गेलं, दुसरीतून सांगितलं की बाईंनी तोंडी संमती दिल्याचं समोरच्याचं म्हणणं आहे, चौकशी चालू आहे. तोंडी संमती! तीस वर्षं ज्या तोंडाने ‘नाय’ म्हटलं की पोतं मागच्या खोलीत जायचं, त्या तोंडाचा एक भलेपणाचा शब्द कागदावर संमती होऊन बसला. हार्दिक मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला आहे, आणि धुमसत काय ते मीच बसायचं.

पण मालू धुमसत बसणारी बाई नाही. गेल्या सोमवारी मी बाजारात गेलो, तर तिने पाटीमागून एक पाटी काढली. मासळीची नव्हे, लिहायची. मुलांची जुनी लाकडी चौकटीची पाटी, माझ्याच शाळेतली असावी. सोबत पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश. “लिवा,” ती म्हणाली. “शुद्ध लिवू नका. मी सांगते तसं लिवा.”

मी ओट्यावर बसलो. आजूबाजूच्या बायका सुऱ्या थांबवून बघत होत्या. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो: ‘पाकिटावरची बाई मीच हाय. आतली चाय मी पास केली नाय. मालू, चिखले.’

तिने पाटी हातात घेतली, लांब धरली, अक्षरांवरून नजर फिरवली. मग मला परत दिली. “मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. आवाज बारीक निघाला.

“परत वाचा. त्या बायकांना ऐकू जाऊ दे.”

मी परत वाचलं. बायकांनी ऐकलं. मालूने मान हलवली, जशी दुसऱ्या उकळीनंतर हलवायची, आणि म्हणाली, “पास.” मग पाटी आपल्या मासळीला टेकवून अशी उभी केली की येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तीच दिसावी. पापलेटावरची माशी हाकलली. आणि माझ्याकडे न बघता बोलली.

“पाकिटावरचं पन छापायच्या आधी असंच वाचून दाखवायचं होतं, मास्तर.”